ट्रॅक्टर लाल होता की हिरवा?

या वेळचं पत्र अमेरिकेतून, जॉर्जिया राज्यातून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, मी मूळची कराडची. लग्नाला नऊ वर्षं झाली. नवरा जॉर्जियाचा आहे आणि आम्ही मेकन शहरापासून तासाभरावर राहतो. दर रविवारी चर्च आटोपलं की सगळे सासूबाईंकडे जेवायला जमतात. त्या ८१ वर्षांच्या आहेत. माझा सात वर्षांचा मुलगा त्यांना 'मीमॉ' म्हणतो, म्हणून आता सगळेच मीमॉ म्हणतात. त्यांच्या चार-पाच गोष्टी ठरलेल्या. सगळ्यात लाडकी १९७३ च्या बर्फाची. माझे थोरले दीर त्या बर्फात जन्मले. सासऱ्यांनी मीमॉंना ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीत बसवून दवाखान्यात नेलं, आणि घरी स्वयंपाकाला येणारी एक कृष्णवर्णीय बाई वाटभर त्यांच्या अंगावर गोधडी धरून बसली होती. अंतर दर वेळी वाढतं. चार मैलांचे आता सात मैल झालेत. ट्रॅक्टर कधी लाल, कधी हिरवा. दीर म्हणतात, ट्रॅक्टर नव्हताच, ट्रक होता. गेल्या महिन्यात मीमॉ म्हणाल्या, 'रविवार होता, चर्च बंद होतं.' मी सहज फोनवर बघितलं आणि बोलून गेले, 'बर्फ तर शुक्रवारी पडलं होतं.' दीर मोठ्यांदा हसले, 'बघा, मी सांगतच होतो!' मीमॉ माझ्याकडे बघून 'वेल, ब्लेस युअर हार्ट' एवढंच म्हणाल्या आणि भांडी आवरायला उठल्या. त्यानंतर तीन रविवार गेले, एकही गोष्ट नाही. मुलगा विचारतो, मीमॉ गोष्ट का सांगत नाही? माझं चुकलं का? त्यांची स्मृती जातेय का? आणि हे सगळं मुलासाठी लिहून ठेवायचं तर खरं म्हणून काय लिहू, कुठल्या भाषेत लिहू?
— जॉर्जियातली सून"

प्रिय सूनबाई,

आधी वाराचा निकाल लावू, कारण तो लागतो आणि मीमॉंच्या बाजूने लागतो.

मध्य जॉर्जियात ते बर्फ पडायला लागलं ९ फेब्रुवारी १९७३ ला. तो शुक्रवारच होता, तुझा फोन चुकला नाही. पण ते सगळं सरेपर्यंत रविवार, ११ तारीख उजाडली होती. मेकनमध्ये साडेसोळा इंचांची नोंद आहे. जवळजवळ गुडघाभर बर्फ, आणि तेही अशा मुलखात, जिथे जमिनीवर पांढरी भुकटी दिसली तरी शाळा सुटतात आणि दुकानातला पाव संपतो. त्या रविवारी चर्चचं दार कोण उघडणार होतं? बर्फ पडायला लागलं तो वार मीमॉंच्या लक्षात राहिला नाही. बंद चर्चचा वार राहिला. जन्मभर ज्यांचा आठवडा रविवारपासून मोजला गेला त्यांच्या लक्षात हाच वार राहणार. दिरांचा वाढदिवस किती तारखेला ते तू लिहिलं नाहीस. ११ असेल तर सगळाच प्रश्न मिटला. एकदा बघ.

आता 'ब्लेस युअर हार्ट'. नव्वदच्या दशकात मी सहा वर्षं अटलांटाजवळ राहिले, आणि हे तीन शब्द उलगडायला मला त्यातली दोन वर्षं लागली. आजाऱ्याच्या उशाशी बसून म्हटलं तर ते 'देव तुझं भलं करो' असतं. कुणाचा केक करपला आणि म्हटलं तर 'असू दे गं, होतं असं'. आणि चारचौघांत कुणी शहाणपणा केला की तेच शब्द आपल्याकडच्या 'हुशार गं माझी बाई ती'च्या सुरात येतात. तुला मिळाले ते तिसरे. पण मीमॉ उठून भांडी आवरायला गेल्या, तिकडे मी जास्त बघेन. माझ्या पाहण्यातल्या त्या भागातल्या बायका दुखावल्या की त्यांचा आवाज चढत नाही. त्या कामाला लागतात. आपल्या आयांचं वेगळं काय होतं?

चुकलं का, असं विचारतेस. हो, थोडं चुकलं. किती महागात पडू शकतं ते मला माझ्या घरातून माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचं जुनं घर पुण्यात नारायण पेठेत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्या घरात पाणी शिरलं. आजी ती गोष्ट सांगायची आणि पाणी दर वर्षी थोडं चढायचं. मी लहान असताना ते देवळीपर्यंत होतं, मी कॉलेजात गेले तोवर माळ्याला लागलं होतं. भिंतीवर पुराची खूण खिळ्याने कोरून ठेवलेली होती. एका दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना माझे वडील टेप घेऊन त्या खुणेपाशी उभे राहिले. "आई, चार फूट दोन इंच. माळा नऊ फुटांवर आहे." सगळे हसले. आजीही हसली. पुढेही तिने ती गोष्ट सांगितली, पण पाण्यापाशी आणून सोडून द्यायची. पूर्वी पाण्यानंतरचा भाग मोठा असायचा. पाणी उतरल्यावर आजी अंगावरच्या एका ओल्या लुगड्यानिशी चिखलात उभी आहे, आणि सदाशिव पेठेतल्या कुणी एक बाई तिला घरी नेतात, न्हाऊ घालतात आणि आठ दिवस स्वतःचं लुगडं नेसायला देतात. त्या बाईंचं नाव आजी आवर्जून घ्यायची. मी ते दहादा तरी ऐकलं असेन. आज आमच्या घरात ते कुणालाच आठवत नाही. खुणेचा आकडा मात्र सगळ्यांना पाठ आहे.

म्हणून मैलांचा नाद सोड, असं मी कळकळीने सांगते आहे. बर्फ किती इंच पडलं, वार कोणता, हे तुझ्या फोनमध्ये आहे आणि उद्याही असेल. ट्रॉलीत कोण बसलं होतं, हे जगात फक्त मीमॉंच्या डोक्यात आहे.

स्मृती जातेय का, याचं उत्तर पत्रावरून देणं बरोबर नाही. पण एवढं निश्चित, की तीच गोष्ट दर रविवारी सांगणं आणि तिच्यातले तपशील हलणं एवढ्यावरून आजार ठरत नाही. फ्रेडरिक बार्टलेट नावाच्या केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच दाखवून दिलं होतं, की माणूस आठवण कपाटातून काढून दाखवत नाही, दर वेळी नव्याने रचतो. शिवाय म्हातारपणी सगळ्यात ठळक उरतं ते साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतचं. मीमॉ तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या होत्या. पहिलं मूल, आयुष्यात न पाहिलेलं बर्फ, पोटात कळा. ही आठवण ठळक राहायची नाही तर कुठली? काळजी करायची ती वेगळ्या गोष्टींची. एकाच बैठकीत दहा मिनिटांपूर्वी विचारलेला प्रश्न पुन्हा विचारणं, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, औषधांचा आणि बिलांचा घोळ, नेहमीचा पदार्थ करताना मध्येच पुढचं न सुचणं. असं काही दिसलं तर नवऱ्याला सांग आणि डॉक्टरांची वेळ घ्या, टाळू नका. तीन रविवारांचं मौन मात्र मला मनाचं वाटतं, मेंदूचं नाही. तरी ते लांबलं, जेवणावरची आणि माणसांतली वासनाच उडाली असं वाटलं, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता पुढचा रविवार. माफीचं भाषण करू नकोस. त्याने सगळं टेबल अवघडेल. जेवण झालं की मीमॉंबरोबर पोर्चवर जाऊन बस आणि हातात काहीतरी निवडायला घे. हे दिवस पेकानचे, अक्रोडासारख्या त्या दाण्यांचे, आहेत, अंगणात पडले असतील. नसतील तर सोलायच्या शेंगा घे. त्या भागात मांडीवर भांडं घेऊन पोर्चवर दाणे सोलत बसणं हे बोलण्याचं जुनं निमित्त आहे. हात गुंतलेले असले की समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि अवघड बोलणं सोपं होतं. तुझी आजी पालेभाजी निवडताना जे बोलायची ते ताटावर कधी बोलली असेल?

आणि या वेळी तू काहीतरी घेऊन जा. मी तिथे होते तेव्हा पहिल्या वर्षी मला सगळंच परकं वाटायचं. मग शेजारच्या आजींनी एक दिवस उंच ग्लासात मक्याचा पाव कुस्करला, त्यावर गार ताक ओतलं आणि चमच्याने खायला लागल्या. मी बघतच राहिले. हा तर आपला ताक-भाकरीचा काला! त्यानंतर मी त्या स्वयंपाकघरात ओळखीच्या खुणा शोधायला लागले आणि त्या सापडतच गेल्या. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या. तो मक्याचा पाव ज्या काळ्याभोर जड तव्यात भाजतात तो बिडाचा तवा, आणि त्याला साबण लावला तर आपल्याकडे सासू जशी बघते तशीच तिथली बघते. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी शुभ म्हणून चवळी खातात. भेंडी तर घरोघरी. आणि रस्त्याच्या कडेला पातेली मांडून मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या ओल्या शेंगा विकतात. कराडच्या माणसाला त्या काय वेगळ्या सांगायच्या? तशा शेंगा तू घरी उकड आणि घेऊन जा. कुकरला नको, तिकडच्या रीतीने मंद आचेवर तासन् तास ठेव. मीठ कमी पडलं असं त्या म्हणतीलच. म्हणू दे. तिथून बोलणं सुरू होईल.

मग विचार, पण ट्रॅक्टरचा रंग नको. निघताना अंगावर काय होतं? चूल, दिवे, जनावरं कुणाच्या हवाली केली? दवाखान्याचं दार कुणी उघडलं? बाळाला पहिल्यांदा कशात गुंडाळलं? कोरडे मोजे कुणी दिले? अशा प्रश्नांना चूक-बरोबर नसतं, त्यामुळे टेबलावरच्या कुणाला दुरुस्ती करायला जागाच राहत नाही. आणखी चांगलं म्हणजे मुलाला विचारू दे. सात वर्षांचं मूल जे विचारतं ते कुठलाही मोठा माणूस विचारू शकत नाही, आणि त्याला कुणी 'ब्लेस युअर हार्ट'ही म्हणत नाही.

एक प्रश्न मात्र तू स्वतः विचार, आणि पोर्चवर दोघीच असताना विचार. ती गोधडी धरून बसलेली बाई. तिचं आडनाव काय होतं?

तिथल्या रीतीभाती तुला माहीत आहेत. मुलं मोठ्यांना 'येस मॅम', 'नो सर' म्हणतात. ओळखीच्या वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, नावाआधी 'मिस' लावतात, आपण 'ताई', 'काकू' जोडतो तसं. मला ते फार आवडायचं. पण हाच 'मिस' आणि 'मिसेस' त्या समाजाने घरात राबणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांना पिढ्यान् पिढ्या दिला नाही. आजीच्या वयाच्या बाईला पाच वर्षांचं गोरं पोर नुसत्या नावाने हाक मारायचं. म्हणून अशा घरांच्या गोष्टींत या बाया येतात, पाणी तापवतात, मुलं वाढवतात, आणि त्यांना आडनाव नसतं. त्या टेबलावरची भेंडी आणि चवळीसुद्धा आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबरच तिथे पोचली आहेत. तुझ्या दिरांच्या जन्माच्या वाटेवर जिने बर्फात गोधडी धरली, तिच्या स्वतःच्या घरी त्या रात्री कोण होतं? तिची मुलंबाळं आज त्याच काउंटीत असतील का? हे आरोप म्हणून विचारू नकोस. मीमॉ दर वेळी तिचा उल्लेख करतात, म्हणजे त्या तिला विसरलेल्या नाहीत. कदाचित पन्नास वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नसेल. उत्तर आलं नाही तर गप्प बस आणि दाणे सोल. पुढच्या रविवारी येईल.

लिहून ठेवण्याबद्दल. फोनवर रेकॉर्ड करायचं तर मीमॉंना सांगून कर. चोरून केलेलं रेकॉर्डिंग पुढे कुणालाच ऐकवत नाही. आणि 'खरी' गोष्ट एकच लिहायच्या भानगडीत पडू नकोस. तारीख घाल आणि त्या दिवशी जशी सांगितली तशी लिही. पुढच्या वेळी सात मैलांचे नऊ झाले तर नऊ लिही, नवी तारीख घालून. घरातलं जुनं बायबल बघायला माग. त्या भागातल्या पुष्कळ घरांत त्याच्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्नं, मृत्यू हाताने लिहिलेले असतात. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत वंशावळी असतात, तसंच हे, फक्त घरच्या फडताळात. मीमॉ ते पान उघडतील तेव्हा त्यांच्यासमोर फोन काढू नकोस, एवढं कर.

तुझ्याच राज्यात याचा फार सुंदर दाखला आहे. जॉर्जियाच्या ईशान्येला, राबन काउंटीच्या डोंगरात, एका शाळेतल्या मुलांनी १९६६ मध्ये 'फॉक्सफायर' नावाचं मासिक काढायला घेतलं. मुलं आपल्याच आज्या-आजोबांकडे गेली आणि ओंडक्यांचं घर कसं बांधायचं, साबण कसा करायचा, चंद्र बघून पेरणी कशी करायची, हे विचारून घेतलं. म्हातारी माणसं जशी बोलली तशाच बोलीत छापलं, सुधारून नाही. फॉक्सफायर म्हणजे कुजक्या लाकडावर अंधारात उजळणारी बुरशी, आपल्या भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात दिसते ना, तशी. मुलांनी निवडलेलं हे नाव मला कायम आवडत आलं आहे.

आणि भाषा? मराठीतच लिही, आणि मुलाची वही नंतर भर. आधी कराडला आईला पत्र लिही. मला इथे मिस लिलियन आठवतात. अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आई, लिलियन कार्टर. तुझ्यापासून फार लांब नसलेल्या प्लेन्स गावच्या, भुईमुगाच्या मुलखातल्या. १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून त्या मुंबईत विक्रोळीला आल्या आणि दोनेक वर्षं परिचारिका म्हणून राहिल्या. तिथून त्यांनी घरच्यांना पत्रं लिहिली, आणि पुढे त्यांचं पुस्तक झालं. लिहिताना त्या काही इतिहास लिहीत नव्हत्या. परक्या गावात आज काय पाहिलं, ते आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगत होत्या. तू त्याच वाटेवर उलट्या दिशेने गेली आहेस. 'आई, आज मीमॉंनी काय सांगितलं माहितीये?' अशी सुरुवात केलीस की कुठला तपशील घ्यायचा हे आपोआप कळेल, कारण आईला कशात रस वाटेल हे तुला पक्कं ठाऊक आहे. तिकडून उत्तर येईल ते मीमॉंना वाचून दाखव.

उत्तरात तुझ्या आईला एक गोष्ट लिहायला सांग. तू कराडची आहेस. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनेचा भूकंप, तुमच्या घरात त्याची गोष्ट नसेल असं होणारच नाही. कोण दाराकडे धावलं, कोण पाळण्याकडे, थंडीत अंगणात कुणाच्या घोंगडीखाली किती जण बसले. ती गोष्ट त्या रविवारच्या टेबलावर तू सांग. आजवर तिथे तू फक्त ऐकणारी होतीस, आणि एकदाच बोललीस ती वार दुरुस्त करायला. मीमॉंनाही कधीतरी तुझं काही ऐकू दे. त्यांनी मध्येच विचारलं, 'किती लोक होते घोंगडीखाली?', तर जो आकडा तोंडात येईल तो बिनधास्त सांग.

दिरांशी तू बोलू नकोस. ते काम तुझ्या नवऱ्याचं, भावाभावांचं. त्याने एवढंच म्हणावं, की दादा, त्या रात्री तू हजर होतास खरा, पण तुला बाहेरचं दिसत नव्हतं. मला वाटतं तेही हसतील, आणि या वेळी हसणं मीमॉंच्या बाजूचं असेल. कोण जाणे, ट्रक आणि ट्रॅक्टर दोन्ही असतील. ट्रक बर्फात रुतला आणि ट्रॅक्टर आणावा लागला, हे त्या मुलखात काही अशक्य नाही. विचारून बघा.

शेंगांना मीठ सढळ हाताने घाल. आणि त्या गोधडीवाल्या बाईंचं पूर्ण नाव कळलं की मला कळव. मला ते माझ्या वहीत लिहून ठेवायचं आहे.

तुझी,
ताई